ठिपके गेले म्हणून मासे विकायला काढू नका
शोभेच्या माशांवरचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग : ओळख आणि उपचार



या अंकात शेळ्यांचं लसीकरण नाही आणि पापड-लोणच्याचं पॅकिंगही नाही. यावेळी माशांवर लिहिते आहे, तेही खायच्या नाही, काचेच्या पेटीत ठेवायच्या. कनेरगाव नाका परिसरात काही ताईंनी परसात सिमेंटच्या टाक्या बांधून गप्पी, मॉली, गोल्डफिश वाढवायला सुरुवात केली आहे. बैठकीला गेलं की आणखी दोघी-तिघी विचारतात, "मॅडम, आम्हाला जमेल का?" जमेल. जागा कमी लागते, वैरण लागत नाही, घरचं काम सांभाळून होतं. ओडिशातल्या देवगढ जिल्ह्यात भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने बचत गटांच्या बायकांना हाच धंदा शिकवला, आणि त्या करतात. पण टाकी बांधायच्या आधी एक रोग नीट समजून घ्या. नवीन मासे आणले की हा रोग सोबत येतो, आणि आठ-पंधरा दिवसांत टाकी रिकामी करू शकतो.

पैशाचं आधी सांगते, म्हणजे हे वाचायला का सांगते आहे ते कळेल. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. त्यात परसातल्या शोभिवंत मासे संगोपनाच्या युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला आहे आणि महिलांना ६० टक्के अनुदान आहे. म्हणजे १ लाख ८० हजार सरकारचे आणि १ लाख २० हजार आपले. (सध्या अर्ज घेतात का, ते हिंगोलीच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या. गावात कुणी सांगितलं म्हणून कागद गोळा करत बसू नका.) आपले १ लाख २० हजार येणार गटाच्या अंतर्गत कर्जातून, ग्रामसंघाच्या निधीतून नाहीतर बँकेतून. मासे मेले म्हणून हप्ता थांबत नाही.

रोग कसा ओळखायचा

माशाच्या अंगावर आणि परांवर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. आधी दोन-चार, मग अंगभर. पण ठिपके दिसायच्या आधी मासा वागण्यातून सांगतो. तो दगडाला, टाकीच्या भिंतीला अंग घासतो. पर मिटून घेतो. खायला टाकलं तरी येत नाही. पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत असेल, तर समजा रोग कल्ल्यांत गेला आहे. कल्ले म्हणजे माशाचं फुप्फुस. कधी कधी अंगावर एकही ठिपका नसतो आणि मासे मरतात, कारण सगळा रोग कल्ल्यांत असतो. म्हणून रोज सकाळी खायला टाकताना पाच मिनिटं टाकीजवळ उभं राहायचं आणि नुसतं बघायचं. शेळी रवंथ करते की नाही हे आपण जाता-येता बघतोच ना, तसंच.

एक गोष्ट मात्र चुकू नका. गोल्डफिशचा नर विणीच्या दिवसांत आला की त्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला बारीक पांढरे दाणे येतात. तो रोग नाही, नर असल्याची खूण आहे. दाणे फक्त तेवढ्याच जागी, ओळीत असतील आणि मासा मजेत खात-फिरत असेल, तर औषधपाणी करू नका. कापसासारखे पुंजके दिसले तर ती बुरशी, तिचा उपचार वेगळा. कोकणात कोळंबीच्या तळ्यांत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग येतो असं बातम्यांत ऐकलं असेल. तो विषाणूचा रोग आहे, नाव सारखं आहे एवढंच.

गोचीड आठवा, सगळं समजेल

आपला रोग होतो एका परजीवीमुळे. एकाच पेशीचा जीव, पण मोठा झाला की डोळ्यांना ठिपका म्हणून दिसतो. १८७६ मध्ये फुके नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने त्याला इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस असं नाव दिलं. दुकानदार त्यालाच 'इक' म्हणतात. नाव लांबलचक आहे, पण अर्थ आपल्या बायकांनी ठेवल्यासारखा आहे : पुष्कळ लेकरांची, माशावरची ऊ.

गायी-म्हशीच्या अंगावरची गोचीड आपण सगळ्यांनी काढली आहे. गोचीड रक्त पिऊन टम्म फुगते आणि आपोआप गळून पडते. अंगावरून गेली म्हणून आपण सुटलो का? ती गोठ्याच्या फटीत जाऊन हजारो अंडी घालते, आणि काही दिवसांनी पिल्लं पुन्हा जनावरावर चढतात. म्हणून डॉक्टर सांगतात की नुसतं जनावर धुऊ नका, गोठाही धुवा, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा धुवा.

पांढऱ्या ठिपक्याचंही असंच आहे. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीच्या आत बसून खाणारा परजीवी. कातडीचं पांघरूण असल्यामुळे तिथे त्याला मीठही लागत नाही, औषधही लागत नाही. पोट भरलं की तो आपणहून बाहेर पडतो, तळाशी जातो, भोवती चिकट कवच करतो आणि आत त्याचे तुकडे होत जातात. एकाचे शेकडो, कधी हजाराच्या वर. मग कवच फुटतं आणि बारीक पिल्लं पाण्यात पोहत मासा शोधायला निघतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. हेच ते एक-दोन दिवस, जेव्हा मीठ किंवा औषध त्यांना मारू शकतं. बाकी वेळ ती आपल्या हातात नसतात.

आता लक्षात येईल की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठिपके का नाहीसे होतात. बहुतेक वेळा ते उपचारामुळे जात नाहीत, पोट भरलं म्हणून गळून पडतात. तुम्ही काहीच केलं नसतं तरी पडलेच असते. अंग स्वच्छ दिसतं, मासा खायला लागतो, आपल्याला हायसं वाटतं, आणि तेव्हाच तळाशी पुढची पिढी तयार होत असते. दुसरी लाट पहिल्यापेक्षा जड असते.

हे चक्र किती दिवसांचं, ते पाण्याच्या उबेवर आहे. पाणी २४ ते २६ अंश असेल तर साधारण चार ते सात दिवस. १५ अंशांवर दोन आठवड्यांच्या आसपास. १० अंशांवर महिन्याच्या वर. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते आणि दुपारी ऊन चटकतं. उघड्या टाकीचं पाणी असं दिवसरात्र खाली-वर झालं की माशाची ताकद कमी होते आणि रोगाला वाट मिळते. शिवाय थंड पाण्यात रोग सावकाश चालतो, म्हणून उपचारही लांबवावा लागतो. उन्हाळ्यात दहा दिवसांत निपटणारं काम थंडीत महिनाभर चालू शकतं. ऐंशी-नव्वद रुपयांचा थर्मामीटर टाकीला लावायला कंजुषी करू नका.

उपचार

पहिलं औषध घरात आहे : मीठ. साधं जाडं खडेमीठ. काळं मीठ, सैंधव किंवा जनावरांचं खनिज मिश्रण नको. प्रमाण एका लिटरला २ ग्रॅम, रोग जास्त असेल तर ३ ग्रॅमपर्यंत. अंदाजाने मूठभर टाकायचं नाही, किराणा दुकानातून वजन करून आणायचं. त्यासाठी टाकीत पाणी किती हे माहीत पाहिजे. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटांत मोजा, तिघांचा गुणाकार करा आणि त्याला २८ ने गुणा. आले तेवढे लिटर. म्हणजे ६ फूट लांब, ३ फूट रुंद आणि दीड फूट पाणी असलेल्या टाकीत २७ गुणिले २८, म्हणजे साधारण ७५० लिटर. लिटरला २ ग्रॅम धरले तर दीड किलो मीठ. हिशोब जमत नसेल तर गटाच्या सचिव ताईंना घेऊन बसा. व्याज काढतात, हे तर सोपं आहे.

सगळं मीठ एकदम टाकू नका. तीन भाग करा, बादलीत विरघळवा आणि दीड दिवसात थोडं थोडं सोडा. गप्पी, मॉली, प्लॅटी, गोल्डफिश यांना मीठ चालतं. भिंतीला चिकटणारा सकर, मांगूर जातीचे बिनखवल्याचे मासे आणि नाजूक टेट्रा यांना सोसत नाही. त्यांना लिटरला १ ग्रॅमच्या वर जाऊ नका आणि मासा कलंडताना दिसला की साधं पाणी घाला. पाणवनस्पती असतील तर त्या आधी काढून वेगळ्या ठेवा, मिठाने त्या जळतात.

मिठाचा आणखी एक फायदा आहे. ठिपका फुटून बाहेर पडला की कातडीला भोक राहतं, त्यातून माशाच्या अंगात पाणी शिरतं आणि अंगातलं मीठ बाहेर जातं. पाण्यात थोडं मीठ असलं की माशाची ही झीज कमी होते.

दुसरं काम तळ साफ करायचं, आणि ते मिठाइतकंच महत्त्वाचं आहे. कवचातली पिढी तळाच्या घाणीत असते. म्हणून रोज नळी लावून तळाचं पाणी ओढून काढा, साधारण पाचवा हिस्सा. टाकीत ७५० लिटर असतील तर १५० लिटर काढलं, १५० लिटर नवं घातलं. इथे पुष्कळ जणींचा गोंधळ होतो : मीठ किती घालायचं? जेवढं पाणी काढलं तेवढ्यापुरतंच. १५० लिटरला ३०० ग्रॅम. पूर्ण दीड किलो पुन्हा टाकलं तर दोन-तीन दिवसांत पाणी खारट होऊन मासे मिठानेच जातील. आणि उन्हाने पाणी आटलं असेल तर नुसतं साधं पाणी घाला. पाणी आटतं, मीठ आटत नाही. ओढलेलं पाणी दुसऱ्या टाकीत किंवा शेततळ्यात जाऊ देऊ नका. रोहू, कटला, मृगळ यांनाही हाच रोग होतो, एका टाकीचा रोग तळ्याला लावून बसाल. रिकाम्या पडीक जागेवर सोडा. भाजीच्या वाफ्यात नको, मीठ आहे.

नवं पाणी ग्रामपंचायतीच्या नळाचं असेल तर त्यात टीसीएल पावडर असते. ते एक दिवस उघड्या टाकीत ठेवून मगच वापरा.

तिसरी गोष्ट ऊब. घरात काचेची पेटी असेल तर हीटर लावून पाणी दिवसाला एक-दोन अंश चढवत ३० अंशांपर्यंत न्यायचं आणि दहा दिवस तिथे ठेवायचं. त्या उबेत चक्र जोरात फिरतं, पिल्लं लवकर उघड्यावर येतात आणि मरतात. ३० च्या वर या परजीवीची वाढ बहुतेक थांबते. गोल्डफिश मात्र थंड पाण्याचा मासा, त्याला २८ पुरे. कोमट पाण्यात हवा कमी विरघळते, म्हणून हवेचा पंप चोवीस तास चालू पाहिजे. लाईट गेली तर तांब्याने पाणी उंचावरून ओतत राहा. हीटर बंद करून, प्लग काढूनच पाण्यात हात घालायचा, हे घरातल्या सगळ्यांना, पोरांनाही, बजावून ठेवा. परसातल्या मोठ्या टाकीला हीटर परवडत नाही. तिथे रात्री पोत्यांनी किंवा ताडपत्रीने टाकी झाकायची, दिवसा उघडायची, आणि उपचाराचे दिवस वाढवायचे.

मासे दहा-वीसच असतील तर मिठाशिवायही एक रस्ता आहे. दोन टब घ्या. रोज एकदा मासे स्वच्छ पाण्याच्या टबात हलवा, जुना टब रिकामा करून उन्हात कडकडीत वाळवा, दुसऱ्या दिवशी त्यात परत आणा. सलग सात दिवस, पाणी २५ अंशांच्या आसपास असताना. गळून पडलेला परजीवी मागच्या टबातच राहतो आणि उन्हात मरतो. काम किचकट आहे, पण महागाच्या जोड्यांसाठी करण्यासारखं आहे. दोन्ही टबांचं पाणी सारख्याच उबेचं ठेवा.

हे सगळं कधी थांबवायचं? शेवटचा ठिपका दिसला त्या दिवसावर रजिस्टरमध्ये गोल करा. तिथून पुढे उबदार पाण्यात सात दिवस मीठ आणि तळ साफ करणं चालू. थंडीत तीन आठवडे. मग हळूहळू पाणी बदलत मीठ कमी करा आणि आणखी एक आठवडा नुसतं बघा. त्यानंतरच विक्री.

हप्ता दहा तारखेला होता

हे शेवटचं वाक्य पाळणं किती जड जातं ते मी एका गटात बघितलं आहे. जानेवारीत एका ताईंनी शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून दीडशे गोल्डफिश आणले, रात्रीच्या गाडीने. सहाव्या दिवशी ठिपके. त्यांनी मीठ टाकलं, चार-पाच दिवसांत मासे स्वच्छ दिसायला लागले. एक दुकानदार रविवारी साठ मासे उचलायला तयार होता आणि गटाचा हप्ता दहा तारखेला होता. घरातून एकच बोलणं : बरे झालेत, देऊन टाक.

बैठकीत विषय निघाला. एकीने विचारलं, "समोरच्याला काय कळणार आहे? आपल्यालाही असेच दिले ना त्यानं?" खोटं काय होतं त्यात! थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग गटातल्या सगळ्यात मोठ्या मावशी म्हणाल्या, "लाळ-खुरकूत झालेली शेळी तू बाजारात नेशील का गं? अन् नेलीस तर पुढच्या बाजारी तुझ्याकडून घेईल का कुणी?" त्यावर दोघींचं चांगलंच वाजलं. शेवटी ठरलं की या महिन्यात ताईंनी फक्त व्याज भरायचं, मुद्दल पुढच्या महिन्यापासून, आणि तसं इतिवृत्तात लिहिलं. दुकानदाराला फोन करून खरं कारण सांगितलं. तो थोडा चिडला.

रविवार उलटून गेल्यावर ठिपके परत आले, आधीपेक्षा जास्त. पाणी तेव्हा १७ अंश होतं. ताईंनी मीठ चालू ठेवलं, रात्री ताडपत्री घातली, रोज तळ ओढला. तरी चाळीसेक मासे गेले. उरलेले फेब्रुवारीच्या शेवटी विकले गेले, त्याच दुकानदाराला. नफा झाला नाही, पण मुद्दल निघालं. ते साठ मासे त्या रविवारी गेले असते तर त्याच्या दुकानातल्या सगळ्या पेट्यांत रोग पसरला असता, हे आता त्या दोघींनाही पटलं आहे.

टाकीत काय टाकू नये

हळद. आपला जिल्हा हळदीचा, कापलं-खरचटलं की हात हळदीच्या डब्याकडे जातो. पण हळद पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते आणि पाणी खराब करते. मोरचूद घरात फवारणीसाठी असतो. त्याने हा परजीवी मरतो हे खरं, पण प्रमाण पाण्याच्या गुणावर ठरतं, आणि जरा जास्त झालं तर मासे आधी मरतात. विहिरीत टाकायचं लाल औषध अंदाजाने नको. सिफॅक्स हे औषध माशांच्या जखमांच्या रोगासाठी काढलेलं आहे, ठिपक्यांसाठी नाही.

दुकानात हिरव्या-निळ्या बाटल्या मिळतात. पुष्कळ बाटल्यांत मॅलाकाइट ग्रीन किंवा फॉर्मॅलिन असतं. ती या रोगावर चालतात, पण बाटलीवर नाव आणि प्रमाण लिहिलेलं असेल तरच घ्या, हातमोजे घालून वापरा, गरोदर ताईंनी हात लावू नका. खायच्या माशांना मॅलाकाइट ग्रीन वापरायला बंदी आहे. एका टाकीत गोल्डफिश आणि शेजारच्या टाकीत रोहूची बोटुकली असतील तर ही बाटली घरात आणूच नका. फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांत-घशात जातो, बंद खोलीत तर मुळीच नको.

मेलेला मासा दिसला की लगेच काढा आणि पुरा. तो टाकीत राहिला तर त्याच्या अंगातले परजीवी बाहेर पडून तळाशी जातात. नाल्यात किंवा नदीत फेकू नका. माणसाला हा रोग होत नाही, त्याची भीती बाळगू नका.

नवीन मासे आणल्यावर

आपल्याकडे येणारे शोभेचे मासे बहुतेक कोलकाता, चेन्नई किंवा मुंबईच्या बाजारातून तीन-चार हात फिरून येतात. प्रत्येक हाताला नवं पाणी, नवी गर्दी. म्हणून आलेली पिशवी थेट मोठ्या टाकीत सोडायची नाही. वेगळा टब ठेवा. पिशवी तोंड न उघडता पंधरा-वीस मिनिटं टबात तरंगत ठेवा, मग जाळीने फक्त मासे उचला, पिशवीतलं पाणी टबात जाऊ देऊ नका. दोन आठवडे मासे तिथेच, थंडीत तीन-चार आठवडे. त्या टबाची जाळी, बादली, नळी वेगळी. हात धुऊन मग दुसऱ्या टाकीकडे जा. ओली जाळी इकडून तिकडे नेली तरी रोग जातो. उन्हात पूर्ण वाळलेली जाळी सुरक्षित.

रोग होऊन गेलेले मासे काही काळ टिकाव धरतात, लगेच पुन्हा आजारी पडत नाहीत. पण एखाददुसरा परजीवी त्यांच्या कल्ल्यांत राहू शकतो. म्हणून जुन्या माशांत नवे मासे सोडताना, "आमच्याकडे तर रोग नाही" असं म्हणून टब टाळू नका. टब दोघांसाठीही आहे.

मासे असलेल्या गटांनी पुढच्या बैठकीला एक वही घेऊन यायची आहे. रोजची तारीख, सकाळचं पाण्याचं तापमान, किती मेले, किती मीठ, किती पाणी बदललं, एवढे पाच रकाने. आखून कशी घ्यायची ते सीआरपी ताईंना सांगितलं आहे. टाकीची लांबी-रुंदी-उंचीही मोजून आणा, लिटर तिथेच काढून पहिल्या पानावर लिहून ठेवू.

– क्षेत्र समन्वयक, कनेरगाव नाका